ड्रॉइंगमधला खड्डा

"इथे पाय टेकवायचा नाही," मी म्हणाले आणि सेल्वमने लीव्हर सोडला.

अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात नऊ टनांचा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं यंत्र, शेडमध्ये उतरवायचा होता. दारातून तो जाईना, म्हणून छताचे पत्रे काढले होते. वर ऑक्टोबरचं आभाळ भरून आलेलं. मी क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपनीची सुपरवायझर, सेल्वम आमचा ऑपरेटर.

ट्रकवरची क्रेन टायरवर उभी राहून असं वजन उचलत नाही. ट्रकच्या दोन्ही अंगांनी चार लोखंडी पाय बाहेर येतात, ते आउटरिगर. ते जमिनीवर दाबले की टायर अधांतरी आणि सगळा भार त्या चार पायांवर. वजन लटकत असताना एक पाय वीतभर खचला, तरी क्रेन आडवी होऊ शकते. केबिनमध्ये तेव्हा सेल्वम असतो, कारखान्याचा मालक नाही.

मालकांच्याच ड्रॉइंगमध्ये मागच्या डाव्या पायाखाली पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा दाखवला होता. शहरात तो नुकताच सक्तीचा झाला होता. पुढे भिंत होती. मागे सरकावं तर बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आणखी लांबवावा लागणार, आणि बूम जितका लांब तितकी क्रेनची ताकद कमी.

मालक सुंदरेसन म्हणाले, "टेकवा मॅडम. काही होणार नाही."

"सर, खाली खड्डा आहे."

"परवाइल्ल, चालतं हो. माझी गॅरंटी."

"मग लिहून द्या, इथे खड्डा नाही म्हणून."

ते एकदम आभाळाकडे बघायला लागले.

असा तास गेला. मध्येच आमच्या मॅनेजरचा फोन. "क्लायंट चिडलाय. जरा ॲडजस्ट करा ना."

"तुम्ही या आणि बूमखाली उभे राहा. लगेच करते."

फोन बंद झाला. पहिले थेंब पडले. मी पहार मागवली आणि फरशी उचलायला सांगितली. तेव्हा सुंदरेसन जवळ आले आणि हळूच म्हणाले, "खणू नका मॅडम. खड्डा नाहीच आहे. मंजुरीसाठी नुसता काढलाय."

सेल्वमने कपाळावर हात मारला. "अय्यो सार! हे तासापूर्वी बोलला असता तर प्रेस आत असता."

मी तरीही खणायला लावलं. ज्याने कागदावर खड्डा पाडला, त्याच्या तोंडी शब्दावर चोवीस टनांची क्रेन कशी उभी करणार? दोन फूट खाली घट्ट लाल माती लागली. ती पुन्हा ठोकून बसवली, वर लाकडी स्लीपर टाकले, पाय टेकवले. पाऊण तासात प्रेस जागेवर बसला.

शेवटचा पत्रा चढला आणि पाऊस कोसळला. बघता बघता अंगणात घोटाभर पाणी साचलं. सुंदरेसन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात उभे.

सेल्वमने केबिनमधून डोकं काढलं. "सार, तो खड्डा कुठे होता म्हणालात?"

तेव्हापासून मी साइटवर दोन गोष्टी मागते, ड्रॉइंग आणि पहार. आधी पहार.