म्हस्के सरांची टाचण वही

आमच्या स्टाफरूमचं कपाट उघडलं की जुने पेपर अंगावर पडतात. म्हस्के सरांच्या पोटाचे किस्से तसेच. एक काढायला जावं तं दहा बाहेर येतात! आम्ही दोघं अंबडच्या शाळेत. ते गणिताला, मी मराठीला. राहायला दोघंबी जालन्यात, मस्तगडला, म्हणून जाणं-येणं एकाच एसटीनं. सरांना आयबीएस हाय. म्हणजे रिपोर्ट सगळे बराबर, फक्त माणूस संडासाकडं पळून राह्यला!

हसा, सरबी हसतात. एकाच गोष्टीवर हसत न्हाईत. त्यांच्या लेकीला, स्वातीला, परतूरचं चांगलं स्थळ आल्तं. सर घर पाहायला गेले अन् पोटाच्या भीतीनं पोह्याला हात लावला न्हाई, चहाबी नको म्हणले. आता मुलीचा बाप मुलाच्या घरी काहीच खात न्हाई, याचा अर्थ आपल्याकडं एकच! तिसऱ्या दिवशी निरोप आला, "घर पसंत नव्हतं तं तोंडानं सांगायचं."

सर एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले. "लेकीचं माझ्या पोटापायी मोडलं हो," म्हणले. मला लई वाईट वाटलं.

*

मंग मीच त्यांना पोटाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी पथ्याची यादी वाचली. दूध कमी, गहू कमी, कांदा-लसूण कमी, हरभरा-राजमा नको, तिखट नको, चहा एकच.

सर म्हणले, "साहेब, एवढं काढलं तं आमच्याकडं खायला फक्त हवा उरती."

डॉक्टर म्हणले, "तीही कमी घ्या. पोट फुगतं."

मंग मात्र त्यांनी नीट समजावलं. "प्रत्येकाचं पोट वेगळं असतं. भात, मूग, भाकरी, केळं, एकेक करून पाहा. थोडं खा, वेळेवर खा. आणि खाल्लं की लगेच लिहा. काय खाल्लं अन् पुढं काय झालं. महिन्याभरानं वही आणा."

*

ही बातमी स्टाफरूममधे गेली अन् आमची सगळी शाळा वैद्य झाली! खरात मॅडमनी ताक आणलं. कोणी ओवा, कोणी बेलाचा मुरंबा, कोणी इसबगोल, कोणी डाळिंबाची साल उकळून बाटलीत. सर भिडस्त माणूस. "कोणाचं मन कशाला मोडायचं?" म्हणून एकाच दिवशी सगळं घेतलं.

चौथ्या तासाला सरांनी पायथागोरस दारात उभं राहून शिकवला.

नंतर मी पोरांना विचारलं, "समजला का रे?"

पोरं म्हणली, "अर्धाच सांगून गेले, सर!"

*

आमच्या एसटीचा कंडक्टर तर तिकिटाच्या आधी विचारायचा, "सर, आज नाश्त्याला काय?"

सर म्हणले, "भात", की तो निवांत. एक दिवस सर हळूच म्हणले, "मिसळ." सासुरवाडीचे लोक आल्ते, आग्रह झाला होता.

कंडक्टरनं तिथूनच आवाज टाकला, "ड्रायव्हरसाहेब, जरा जल्दी घ्या! अन् मधे गोलापांगरीला थांबवा, कोणी उतरणारं नसलं तरीबी!"

*

आता वहीचं ऐका. सरांना दुसरी वही सापडली न्हाई, म्हणून त्यांनी टाचण वहीच घेतली. रोज वर्गात काय शिकवणार, ते मास्तरानं जिच्यात लिहायचं असतं, ती. रकाने आयतेच आखलेले होते, घटक, कृती, निष्पत्ती. सरांनी बिलकुल शिस्तीत लिहिलं. घटक: वांग्याची भाजी. कृती: दोन भाकरींसोबत. निष्पत्ती: चार वेळा.

अन् एक दिवस अचानक तपासणीला साहेब आले! टाचण मागितलं. घाबरून सरांनी हातात होती तीच वही दिली. साहेब पानं उलटून राह्यले अन् इकडं आम्ही सगळे खाली मान घालून बसलेलो. साहेबांनी खिशातला पेन काढला, सही ठोकली अन् शेरा लिहिला, "निष्पत्ती स्पष्ट. सातत्य ठेवावे."

*

सातत्य ठेवलं सरांनी. वही पिशवीतून हलली न्हाई. अशात स्वातीला पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ आलं. पोरगा चांगला, पोरीला मनापासून आवडलेला. घर पाहायला सर मलाबी घेऊन गेले. रस्ताभर एकच, "आज खायचंच. मेलो तरी खायचं."

पोराचे वडील सांडूअण्णा, शेतकरी माणूस. ताट आलं. पुरणपोळी, वर दूध, कटाची आमटी, कांदाभजी. डॉक्टरांची यादीच वाढून आल्ती! सरांनी घास उचलला. तोंडापर्यंत नेला अन् परत ताटात ठेवला.

पोराचा मामा म्हणला, "पाव्हणे जेवत न्हाईत. आम्ही काय समजायचं?"

माझ्या डोळ्यापुढं परतूर आलं.

सरांनी पिशवीतून वही काढली अन् सांडूअण्णांपुढं धरली. "अण्णा, घर पसंत हाय. पोरगं पसंत हाय. फक्त माझं पोट माझं ऐकत न्हाई. हे वाचा."

सांडूअण्णांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून एकेक पान वाचलं. मामाबी वाकून पाहू लागला.

"वांग्याला चार वेळा?" मामा म्हणला.

"हो," सर म्हणले.

"अन् भरताला?"

"दोन."

"मंग भरीत बरं की!"

अण्णा मात्र हसले न्हाईत. आत आवाज दिला, "अगं, मुगाची खिचडी टाक. बिगरकांद्याची!"

खिचडी आली. सर पोटभर जेवले. अण्णांनीबी सरांसोबत खिचडीच खाल्ली. हात धुतले अन् म्हणले, "पेन द्या, सर. तुमचा डॉक्टर खाल्लं की लगेच लिहा म्हणला ना?"

सरांनी पेन दिला. अण्णांनी वही मांडीवर घेतली, जाड जाड अक्षरात एकेक रकाना भरला अन् वही सरांपुढं सरकवली.

घटक: मुगाची खिचडी.

कृती: दोघा बापांनी मिळून.

निष्पत्ती: सोयरीक.