उभ्या गाडीचा बेल्ट

सकाळी दूधवाला येऊन गेला की वाघोलीच्या त्या सोसायटीत रामदास शेजवळांची गाडी चालू व्हायची. चालू व्हायची म्हणजे नुसती चालू व्हायची, निघायची नाही. रामदासराव कव्हर काढून त्याची चादरीसारखी घडी घालायचे, काचा पुसायचे, आत बसून सीटबेल्टसुद्धा लावायचे आणि इंजिन सुरू करून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. हिराबाई लिफ्टनं चहा खाली आणून खिडकीतून द्यायच्या. चहा संपला की इंजिन बंद आणि कव्हर परत गाडीवर. बॅटरी उतरू नये म्हणून हा सगळा खटाटोप. तळमजल्यावरचा आमोद ऑफिसला निघताना रोज विचारायचा, "काका, पोचलात का?" रामदासरावही चेहरा न हलवता सांगायचे, "हो, आत्ताच."

माणूस वाईट नव्हे हो. पण निर्णय म्हटला की ते मागं सरायचे. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला आणि तिथं त्यांचं काम टिपणी लिहिण्याचं. एकीकडे असं आहे, दुसरीकडे तसं आहे, आणि शेवटी 'निर्णयार्थ सादर'. सही साहेबाची. या माणसाच्या टिपणीवर कधी ताशेरा आला नाही, कारण तिच्यात कुठली बाजू चुकीची म्हणून धरायची हेच कुणाला कळायचं नाही! घरीही तेच. भाजीवाल्यापुढं वांगी की भेंडी यावर दोन्ही बाजू मांडून होईपर्यंत हिराबाईंनी पालक घेतलेला असायचा. लग्न आईनं ठरवलं, फ्लॅट मुलानं, चेतननं ठरवला. आयुष्यात एकच गोष्ट रामदासरावांनी कुणालाही न विचारता केली. निवृत्त झाले त्या महिन्यात एकटे गेले आणि लाल रंगाची डिझेल गाडी घेऊन आले. वडिलांनी जन्मभर बाजारात दुसऱ्यांची पोती वाहिली होती. घराण्यातली ही पहिली गाडी.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुक्ताबाईंना फोन लावला होता. मुक्ताबाई म्हणजे हिराबाईंची थोरली बहीण, जामखेडच्या पुढं एका खेड्यात राहणारी. आई लवकर गेली तेव्हा हिराबाईंना तिनंच वाढवलं, तिनंच शाळेत घातलं. "अक्का," रामदासराव फोनवर छाती फुगवून म्हणाले होते, "आता एसटीची कटकट संपली. तुमच्या दारात गाडी लावतो. बघाच."

पहिल्या वर्षी गाडी पुण्यात थोडी फिरली. मग एकदा नगर रोडवर पाण्याच्या टँकरनं त्यांना दुभाजकाकडे दाबलं. आरसा तुटला, बाकी काही नाही. हिराबाई शेजारीच बसल्या होत्या. रामदासरावांनी आरसा बदलून घेतला आणि त्या दिवसापासून गाडी जामखेडला जायला 'तयार होऊ' लागली. कधी पाऊस आडवा आला, कधी टायर जुने झाले, कधी रस्त्याचं काम निघालं. हिराबाईंच्या कमरेची गादी सरकलेली, त्यामुळं एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते. चेतननं कॅब करून द्यायचं म्हटलं तर दोघंही एका सुरात म्हणाले, दारात गाडी असताना भाड्याची कशाला? अशी वर्षं गेली. किती गेली ते गाडीचा लाल रंग बघितला तरी कळलं नसतं, इतकी ती चकचकीत.

आणि मग मुक्ताबाईंचा फोन आला.

"जय भीम, भाऊजी. हिराला द्या जरा." हिराबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. "हिरे, डोळ्यात काचबिंदू हाय म्हणतोय डॉक्टर. गेलेलं परत येत न्हाई, म्हनला. हाय तेवढं औषधानं टिकलं तर टिकलं. तुला एकदा डोळं भरून बघायचं हाय बाई. मागनं हात लावून बघावं लागंल."

फोन ठेवून हिराबाईंनी नवऱ्याकडं फक्त पाहिलं. रामदासराव ताडकन म्हणाले, "जाऊ! या आठवड्यात जाऊ. खालिदला बोलावून गाडी एकदा तपासून घेतो, की निघालोच."

खालिदचं गॅरेज नगर रोडला, सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर. तो स्कूटरवरून आला, ऑइल बघितलं, ब्रेक बघितले, सगळं ठीक म्हणाला. रामदासरावांना बरं वाटलं की वाईट, त्यांनाच कळेना. इतक्यात खालिदनं विचारलं, "काका, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

"तो काय असतो?"

"इंजिनाच्या आत दातेरी रबरी बेल्ट असतो. वरचं आणि खालचं एका तालात फिरवतो. चालता चालता तुटला की आतलं सगळं एकमेकांवर आपटतं. इंजिनच उघडावं लागतं मग."

रामदासरावांनी डिकीतून कंपनीचं पुस्तक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीतून ते कधी बाहेरच आलं नव्हतं. बेल्ट इतक्या हजार किलोमीटरनंतर किंवा इतक्या वर्षांनंतर बदलावा, यांतलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं. किलोमीटर बघावेत तर गाडी अजून तान्ही. वर्षं बघावीत तर मुदत कधीच उलटून गेलेली. खालिदनं बाजूचं झाकण सैल करून टॉर्च मारला. आत काळा बेल्ट दिसला, अगदी धडधाकट.

"चांगला दिसतोय की!" रामदासराव म्हणाले.

"दिसतो चांगला. पण दिसण्यावर जाऊ नका, रबर आहे. आणि किलोमीटरवर तर अजिबात जाऊ नका. तुम्ही रोज उभ्या उभ्या चालू ठेवता ना? गाडी हलत नाही म्हणून आकडा हलत नाही, बेल्ट मात्र आत फिरतच असतो. तो किती फिरलाय ते कुठंच लिहिलेलं नाही."

रामदासराव हबकले. ज्या गोष्टीनं गाडी जपतोय असं वाटत होतं, तिनंच ती झिजत होती होय? "मग बदलायचा का?"

"लांब जायचं तर मी म्हणेन बदला. पण परवाच एक गाडी आली होती, याच्यापेक्षा जुना बेल्ट, मजेत चालत होती. आणि एकाचा मुदतीच्या आतच तुटला. मी छातीठोक सांगू शकत नाही काका. तुम्ही ठरवा. सांगितलंत की सामान मागवतो, दुसऱ्या दिवशी येतं. गाडी मी येऊन नेईन हवं तर."

"सांगतो," रामदासराव म्हणाले. निर्णयार्थ सादर. फक्त वर साहेब कुणी नव्हता.

मग काय, जो भेटेल तो साहेब! चेतनला खराडीच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये फोन. चेतन म्हणाला, "बाबा, एवढ्या कमी रनिंगला काही होत नाही, चिल, जा बिनधास्त." आमोद म्हणाला, "अहो काका, या मॉडेलला बेल्ट नसतोच. चेन असते. तुम्हाला कुणीतरी गंडवतंय." आता रामदासरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी बेल्ट पाहिला होता, बोट लावून पाहिला होता. तरी संध्याकाळपर्यंत त्यांना शंका यायला लागली की तो बेल्टच होता ना? कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा. मोबाइलवर व्हिडिओ लावले. एक गडी म्हणे वर्षं मोजा, दुसरा म्हणे कंपन्या उगाच घाबरवतात, तिसरा कानडीत बोलत होता. रामदासरावांनी तोही शेवटपर्यंत बघितला.

बदलावा, तर चांगला बेल्ट उगाच काढला असं होईल. न बदलावा, तर नगरच्या पुढं रानात हिराला घेऊन बंद गाडीत बसायची वेळ येईल. बदलताना खालिदच्या हातून एक दाता इकडचा तिकडं झाला तर? असा दिवस जायचा, दुसरा उजाडायचा. सकाळी ते गाडीत बसायचे, पण आता किल्ली फिरवायचीही चोरी. फिरवली तर बेल्ट झिजतो, न फिरवली तर बॅटरी उतरते. नुसतेच बसायला लागले. आमोदनं विचारलं, "काका, आज पेट्रोल संपलं का?" तर "डिझेल आहे," एवढंच म्हणाले.

खालिदचा फोन आला, "काका, मागवू का?" म्हणाले, "उद्या सांगतो." मुक्ताबाईंचा आला, "निघाला का, भाऊजी?" म्हणाले, "आता झालंच, अक्का. एवढं बेल्टचं मिटलं की." "बरं," मुक्ताबाई म्हणाल्या, "सावकाश या."

त्या संध्याकाळी हिराबाई चहाचा कप उचलायला आल्या. कप भरलेला, वर साय धरलेली.

"चेतनचा फोन होता ना आत्ता?"

"हो. परत म्हणाला, जा बिनधास्त."

"म्हणूनच." हिराबाई समोर बसल्या. "आठवडा झाला बघतेय मी. कुणी जा म्हटलं की तुमचा चहा तसाच राहतो. तो खालिद म्हणाला, रबराचा भरवसा नाही, तेव्हा तुम्ही कप चाटूनपुसून संपवलात. वर बिस्कीट मागितलंत."

रामदासरावांनी कपातल्या सायीकडं बघितलं. अहो, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं! बेल्ट वाईट निघावा असं मनातून कुणीतरी म्हणत होतं आणि ते कुणीतरी आपणच, हे कळल्यावर त्यांना भयंकर लाज वाटली. टँकरचा तो हॉर्न कानात वाजला. काचेला चिकटलेला हिराचा हात डोळ्यांपुढं आला.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "मी एकटा असतो तर गेलो असतो. तू शेजारी असलीस की हातच चालत नाहीत."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," हिराबाई म्हणाल्या. "म्हणून तर कधी बोलले नाही. म्हटलं, होतील आपोआप तयार. पण अक्काचे डोळे थांबायला तयार नाहीत ना! आणि मीसुद्धा किती वर्षं नुसती तयार होऊन बसलेय, त्याची मुदत तुमच्या त्या पुस्तकात कुठं लिहिलीय?" आणि कप घेऊन त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रामदासराव खाली उतरले तर कव्हर आधीच काढलेलं. हिराबाई शेजारच्या सीटवर बसलेल्या, कमरेमागं उशी, मांडीवर डबा, मागं पिशवी.

"खालिदला काल मीच फोन केला," त्या म्हणाल्या. "सामान आलंय. तो न्यायला येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. तिथवर तुम्ही चालवायची. बदलून होईपर्यंत मी बसते तिथं बाकड्यावर, आणि तिथनंच पुढं निघायचं."

"अगं, पण गरज नसेल तर?"

"तर नसेल!"

रामदासरावांनी किल्ली फिरवली. भिंतीकडं बघितलं, मग आरशात बघितलं, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी थरथरलेली ती गाडी मागं सरकली. फाटकात आमोद भेटला. रोजचा प्रश्न विसरून बाजूला झाला बिचारा.

दुपारपर्यंत खालिदनं काम केलं. जुना बेल्ट रामदासरावांच्या हातात दिला. त्यांनी तो वाकवला, ताणला, उन्हात धरला. एका बाजूला बारीक रेघा होत्या, की तसा छापच होता? "खालिद, हा अजून चालला असता का रे?"

"चालला असता कदाचित," खालिद हात पुसत म्हणाला. "कदाचित नगरलाच तुटला असता. आता कसं कळणार, काका?"

म्हणजे शेवटपर्यंत नाहीच कळलं. रामदासराव तसेच गोंधळलेले स्टिअरिंगवर बसले आणि गाडी नगरच्या दिशेला लागली. टँकर दिसला की डावीकडं थांबायचे. मागची वाहनं हॉर्न मारून, काय काय बोलून पुढं जायची. हिराबाई म्हणायच्या, "जाऊ द्या त्यांना, आपल्याला काय घाई?" आणि मग स्वतःच डोळे पुसायच्या. दिवस मावळायच्या आत गाडी मुक्ताबाईंच्या दारात उभी राहिली.

मुक्ताबाई ओट्यावर बसल्या होत्या. हिराबाई उतरून जवळ गेल्या तशी त्यांनी बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मान हळूहळू हलवायला लागल्या. आधी वर, मग खाली, मग या गालाकडून त्या गालाकडं.

"अक्का, काय करतेस?"

"बघती तुला. फुकणीतनं बघावं तसं दिसतंय. कपाळ बघाय गेलं की हनुवटी ऱ्हाती." मुक्ताबाई हसल्या. "सबंध मावत न्हाईस गं आता."

रामदासराव गाडीपाशी उभे होते. विचारू नये ते त्यांनी विचारलं. "अक्का, सबंध कधीपर्यंत मावत होती?"

"गेल्या दिवाळीपतूर चांगलं दिसायचं की."

गेल्या दिवाळीत गाडीचे टायर नवे होते, रस्ता झाला होता, पाऊस नव्हता. रामदासरावांना आठवलं, त्यांनी पाडव्याला गाडीला हार घातला होता आणि आत बसून इंजिन जरा जास्तच वेळ चालू ठेवलं होतं. दोन्ही बाजू मांडायला आता काही उरलं नव्हतं.

"भाऊजी," मुक्ताबाई आवाजाच्या दिशेनं म्हणाल्या, "गाडी चालूच ऱ्हायली वाटतं तुमची. बंद करा की. उभ्या गाडीला कशाला फिरवताय?"

रामदासरावांनी वाकून किल्ली काढली. अंगण एकदम शांत झालं, आणि ओट्यावर दोघी बहिणी रडताहेत हे त्यांना स्पष्ट ऐकू आलं.