सासूबाईंचा इंग्रजीचा तास

शाळेने वरचे वर्ग बंद केले तेव्हा बाईंनी नुकतीच पंचेचाळिशी ओलांडली होती. पटसंख्या घसरत चालली होती आणि शेजारच्या मोठ्या शाळेने बस सुरू केल्यापासून तर अर्धे बाक रिकामेच दिसायचे. त्यामुळे हे आज ना उद्या होणार, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी निरोपाचा कार्यक्रम आटोपून बाई घरी आल्या, चपला काढल्या, आणि आता उद्या सकाळी उठून करायचं काय, ते त्यांना सुचेना. वीसेक वर्षं त्या इंग्रजी शिकवत आल्या होत्या. दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण दुसरं काही करून पाहिलं नव्हतं.

गावातल्या इतर शाळांचे उंबरे झिजवून झाले. त्यांना पंचविशीतली माणसं हवी होती. इंग्रजी शिकवतील, खेळाचा तास घेतील आणि संमेलनात मुलांचा नाचही बसवतील अशी. एका शाळेत तर मुलाखत घ्यायला बाईंचीच जुनी विद्यार्थिनी बसली होती. ती इतकी अवघडली की शेवटी बाईंनीच तिला धीर दिला आणि चहा न घेता निघाल्या.

परदेशाचं खूळ नवऱ्याने डोक्यात घातलं. तो लिफ्टचा मेकॅनिक, बोलणं मोजकं. एकदा जेवताना म्हणाला, "आमच्या स्टोअरकीपरची मेहुणी परदेशात इंग्रजी शिकवते. तू का नाही करून बघत?"

"अहो, तिकडच्या लोकांना मी काय इंग्रजी शिकवणार?"

"येत नाही म्हणूनच शिकतात ना ते. येत असतं तर कशाला कुणाला बोलावलं असतं?"

बाईंनी ते हसण्यावारी नेलं, पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरबसल्या एका प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. तो पुरा करून अर्ज पाठवायला लागल्या, तेव्हा कळलं की या बाजारात त्यांच्यासारखे पायलीला पन्नास आहेत. एकेका जागेवर शेकड्यांनी उड्या. बहुतेक ठिकाणी अर्जातच विचारलेलं, मातृभाषा इंग्रजी आहे का? नाही म्हटलं की पुढचं पान उघडतच नसे. फोटो मागायचे, वय विचारायचे. एका मुलाखतीत समोरचा तरुण अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?" बाईंनी खरं ते सांगितलं. त्यावर तोही गोडच हसला आणि दोन मिनिटांत मुलाखत गुंडाळली. बाईंच्या व्याकरणात खोट काढली नाही कुणी. व्याकरणापर्यंत गाडी पोचतच नव्हती.

मग एका थंड प्रदेशातल्या बंदराच्या शहरातून उत्तर आलं. तिथे बाहेरून कामाला आलेल्या मोठ्या माणसांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवणारं केंद्र होतं. तिथल्या संचालिकेने एकच गोष्ट मागितली. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाला शिकवतानाची चित्रफीत पाठवा, आणि तासभर इंग्रजीखेरीज एकही शब्द बोलू नका.

आता असा माणूस आणायचा कुठून? शेजारची पोरं चुरुचुरु इंग्रजी बोलत होती. वाण्याला येत होतं, दूधवाल्यालाही कामापुरतं येत होतं. उरल्या घरातल्या सासूबाई. पंचाहत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार, जिभेने मात्र ठणठणीत.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "माझी आता जायची वेळ, आणि तू मला शाळेत घालतेस?"

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या धुवट साडी नेसून, केस चापूनचोपून खुर्चीत येऊन बसल्या. नवऱ्याने सुट्टी काढली होती. तो मोबाइल धरून भिंतीला टेकून उभा राहिला.

बाईंनी टेबलावरचा कप उचलला. "धिस इज अ कप."

"ठाऊक आहे की," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याला कपच म्हणते."

बाईंनी पुस्तक उचललं, उघडलं, मिटलं, वाक्य म्हटलं. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. "म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "हे जवळचं असेल तर..."

"मराठी बोललीस," नवरा म्हणाला.

पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वाक्याला पुन्हा ते "म्हणजे" तोंडातून निसटलंच. पाच-सहा वेळा असं झाल्यावर बाईंनी हात टेकले. स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आपण इंग्रजी मराठीतून शिकवलं. क्रियापदं, काळ, कर्तरी, कर्मणी, सगळं मराठीत सांगितलं आणि पोरांनी ते मराठीत ऐकलं. इंग्रजीवाचून अडलंय असा प्रसंग ना पोरांवर आला, ना आपल्यावर. मुलाखत घेणारे नाही म्हणत होते ते भलत्या कारणाने म्हणत होते, पण इंग्रजीतून इंग्रजी शिकवता येतं का असं विचारलं असतं तर आपल्यापाशी तरी काय उत्तर होतं? बाईंना स्वतःचीच लाज वाटली आणि पाठोपाठ रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कप आणि पुस्तक टेबलावरून उचलून ठेवलं. सासूबाईंच्या समोर बसल्या, स्वतःचा खांदा धरला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाल्या, "इट हर्ट्स." मग डोकं धरलं. "इट हर्ट्स." मग सासूबाईंकडे हात करून विचारलं, "व्हेअर डझ इट हर्ट?"

सासूबाईंनी जरा विचार केला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"हिअर," बाई म्हणाल्या.

"हिअर," सासूबाई म्हणाल्या. मग दुसऱ्या गुडघ्यावर हात गेला. "हिअर." मग मान, मनगट, टाच. दुखण्यांचा तोटा नव्हता. बाई विचारत गेल्या आणि म्हातारी न चुकता सांगत गेली. मध्येच त्यांनी बाईंच्या दिशेने बोट केलं. "यू? व्हेअर?"

हा प्रश्न शिकवलेला नव्हता. बाईंनी कमरेवर हात ठेवला. "हिअर."

"कमरेचं कधी बोलली नाहीस मला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मराठी," नवरा म्हणाला.

ते शेवटचं वाक्य कसं कापायचं ते घरात कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे चित्रफीत तशीच गेली.

संचालिकेने मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर दिसणारी पिकल्या केसांची, जाड चष्म्याची ती बाई फार हसत नव्हती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, त्या आजी शेवटी काय म्हणाल्या? बाईंनी सांगितलं. त्या तुमच्या कोण? तेही सांगितलं. मग बराच वेळ दोघी वर्गाबद्दल बोलल्या. मागे बसणाऱ्यांचं काय करायचं, लाजणाऱ्यांना बोलतं कसं करायचं. बाईंना वाटलं, जमलं. आठवड्याने उत्तर आलं की तिथल्याच एका तरुणाला घेतलंय.

आधीचे नकार बाईंनी पचवले होते. हा मात्र जिव्हारी लागला. त्यांनी अर्ज पाठवणं थांबवलं आणि दोन घरी शिकवण्या धरल्या. चौथ्या दिवशी दुपारी बघतात तर सासूबाई खुर्ची ओढून समोर हजर.

"नोकरी नाही मिळाली म्हणून माझा तास बंद का?"

मग रोज दुपारी तास होऊ लागला. सासूबाई आज काय खाल्लं, कोण आलं, कुणाशी भांडण झालं, हे मोडकंतोडकं सांगायला लागल्या. बाईंच्या तोंडातलं "म्हणजे" हळूहळू गळून पडलं.

असे काही महिने गेले आणि एके सकाळी संचालिकेचाच फोन आला. घेतलेला तरुण मोठ्या शहरात चांगली जागा मिळाली म्हणून सत्र अर्धवट टाकून गेला होता. नोकरी तात्पुरती, सत्र संपेपर्यंतच. पण लगेच निघावं लागेल.

बाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालत बसला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," बाई म्हणाल्या.

"म्हणालो होतो. खरंच होईल असं वाटलं नव्हतं."

"मग जाऊ नको म्हणा."

"तसंही म्हणत नाही मी. आईचं कसं करायचं ते बघावं लागेल. मला भातापलीकडे काही येत नाही." मग म्हणाला, "जा तू. पण मला आवडलंय असं समजू नकोस."

बाईंना हे उत्तर कुठल्याही कौतुकापेक्षा बरं वाटलं. सासूबाई मात्र दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला भाजी चिरायला बसवलं आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्या थंड शहरात बाईंची खोली एका लाँड्रीच्या वर होती. जमीन सतत थोडी थरथरत असायची आणि जिन्यात साबणाच्या वाफेचा वास दाटलेला. पहिल्याच आठवड्यात मोरीतलं पाणी तुंबलं. खाली दुकानदाराला सांगायला गेल्या तर "तुंबलं"ला इंग्रजीत काय म्हणतात तेच आठवेना. मिश्र वाक्याचं पृथक्करण झोपेत करून दाखवतील, पण मोरी तुंबली हे सांगता येईना. शेवटी हातांनी खुणा केल्या. दुकानदाराने शांतपणे तो शब्द सांगितला. बाईंनी तो तीनदा म्हणून घेतला.

वर्गात बस धुणारे होते, इस्पितळात रुग्णांना अंघोळ घालणाऱ्या बायका होत्या, बेकरीत काम करणारा एक आडदांड गृहस्थ होता. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती. पहिल्या दिवशी डस्टर सापडेना तेव्हा बाई सवयीने मराठीत पुटपुटल्या. पुढच्या रांगेतली एक बाई लगेच तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि टेबलाखालून डस्टर काढून दिलं. सगळे हसले. बाईही हसल्या, आणि मग त्यांनी त्यांना मोरीची गोष्ट सांगितली, खुणांसकट. त्या दिवशी सगळा वर्ग तो शब्द शिकून घरी गेला.

सत्र संपताना संचालिका म्हणाली, आणखी वर्षभर राहाल का? बाईंनी विचार करायला दोन दिवस मागितले, घरी फोन केला. नवरा म्हणाला की सुट्टी साठली आहे, उन्हाळ्यात महिनाभर तो आईला घेऊन येईल, तिचे गुडघे तिला विमानात बसू देतील तर. बाईंनी होकार कळवला.

बेकरीवाल्याला अजून भूतकाळ जमत नाही. काल काय केलं विचारलं तरी तो आजचंच सांगतो आणि चूक कळली की कपाळाला हात लावतो. बाईंनी त्याला गुरुवारी अर्धा तास आधी यायला सांगितलं आहे.