निम्म्या पांढऱ्या पानाचा फोटो

गेल्या हिवाळ्यात कोर्टात लग्न करून मुलगी पुण्याला निघाली, तेव्हा तिने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. फक्त तिची कुंडी खिडकीशी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, याले पाणी कमी द्या. माती सुकल्याशिवाय देऊच नका." मुलगा आमच्या जातीतला नाही, म्हणून मी लग्नाला गेलो नव्हतो. तिची आई असती तर माझा कान धरून मला घेऊन गेली असती. पण तिला जाऊन पाच वर्षं झाली. मग भिलईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये मी आणि ती कुंडी, एवढेच उरलो.

झाड म्हणजे व्हेरिगेटेड मॉन्स्टेरा. पान ताटाएवढं, निम्मं हिरवं, निम्मं चुन्यासारखं पांढरं. पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही. हिरव्याच्या जिवावर तो नुसता मिरवतो. असला घरजावई मी तरी खपवून घेतला नसता. पण जवळच्या कुम्हारी गावातल्या नर्सरीवाल्याच्या वर्षभर मागे लागून मुलीने ते मिळवलं होतं, आणि दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा तो त्याच्यासाठी. "नवीन पान उघडलं काय, बाबा? फोटो पाठवा ना." मी पाठवायचो. मग माती, उजेड, पानावरची लाल धूळ, एवढं बोलणं. नवऱ्याचा विषय ती काढत नव्हती, मी विचारत नव्हतो. हे झाड नसतं तर आम्ही एकमेकांशी बोललोच नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिल संपता संपता पांढऱ्या भागाच्या कडा करपायला लागल्या. त्याला हवेत ओल लागते, असं ती सांगून गेली होती. मी जन्म पोलाद कारखान्याच्या भट्टीपुढे काढलेला माणूस. उन्हावर आमच्याकडे एकच इलाज: पाहुणा असो की तान्हं बाळ, कूलरपुढे ठेवायचं. मी कूलरवरची जुनी चादर काढली, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भिजवल्या आणि कुंडी बरोबर समोर ठेवली. कूलर एक मिनिट बंद केला नाही. उडणाऱ्या पाण्याने माती चिंब राहत होती, ते मला दिसतही होतं. लेकराला गारवा मिळतोय, म्हणून उलट मला बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी बुंध्याला बोट लावलं तर ते आत गेलं. झाड उपटलं. मुळं काळी, गिळगिळीत, आणि वास नालीसारखा. अति तिथे माती म्हणतात, ते काही खोटं नाही.

झाडाचं वाईट नंतर वाटलं. आधी रविवारची भीती वाटली. आता ती फोन कशाला करील?

त्या रविवारी मी मोबाइलमधला फेब्रुवारीतला फोटो पाठवून दिला. "मस्त दिसून राहिलं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी, ऐन नवतपाच्या कडक नऊ दिवसांत, दुसरा जुना फोटो. रिकामी कुंडी मी न्हाणीघरात पालथी घालून ठेवली होती, जणू ती पुण्याहून वाकून बघणार होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पोटच्या पोरीला फसवतोय याची लाज वाटायची, आणि तरी रविवारी सातपासून मी फोन हातात घेऊन बसायचो.

तिसऱ्या रविवारी माझ्याच्याने रेटेना. म्हटलं, "बेटा, झाड गेलं. लय दिवस झाले. मीच मारलं त्याले."

ती म्हणाली, "मले माहीत आहे, बाबा. पहिल्याच फोटोत मागं कूलर चादरीत गुंडाळलेला होता. मे महिन्यात भिलईत कोणाचा कूलर झाकून असते काय?"

"मग तू बोलली कावून नाही?"

"बोलली असती तं पुढच्या रविवारी तुमाले काय विचारलं असतं?"

कूलरच्या घरघरीत नीट ऐकू येईना, म्हणून मी तो बंद केला. तिकडे तिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी कपबशा मांडत होतं.

"जावईबुवा घरी आहेत काय?" मी विचारलं.

"आहेत. चहा करून राहिले."

"झाला की दे त्यांच्याजवळ फोन," मी म्हणालो. "मी थांबतो."