पहिलं बाळंतपण कुठं झालं?

ओमानमधल्या सोहारला आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहायच्या. नवरा पोलादाच्या कारखान्यात मोठा साहेब, मुलं तिकडे आपापल्या संसारात, आणि बाईंना एकच ध्यास: आपल्या आईच्या आजीचं माहेर शोधून काढायचं. ही आजी एकोणिसाव्या शतकात तिकडच्या कुठल्याशा खेड्यात शेतकऱ्याची बायको होती. सासरची सगळी कुळकथा सापडली होती. ती कोणाची लेक, तेवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंची आई नव्वदी ओलांडलेली. दर फोनला विचारायची, "सापडलं का गं?" तिच्या हयातीत उत्तर द्यायचं म्हणून बाईंची सगळी धडपड.

मला आधी हसू यायचं. माणसं आखातात येतात पोटापाण्यासाठी, आणि या बाई मेलेल्यांच्या मागे! पण तेव्हा मी पहिलटकरीण, विमानाला डॉक्टरांची मनाई. घरी बसून जीव विटला, म्हणून दुपारी त्यांच्याकडे जाऊन कागद चाळू लागले. हळूहळू मलाच त्या आजीचा लळा लागला.

मला माहेरी जाता येईना, तेव्हा माझी आईच साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आली. बॅगेत डिंक आणि अळीव, आणि दारातूनच सूचना सुरू. एका दुपारी तिलाही मी शेजारी घेऊन गेले. सगळी हकिगत ऐकून तिनं एवढंच विचारलं, "पहिलं बाळंतपण कुठं झालं तिचं? पोरगी पहिल्या खेपेला आईकडंच जाणार की!"

मनात म्हटलं, आई, ती अमेरिका आहे, तिकडे असली रीत नसते. तरी इंग्रजीत सांगितलं. तिकडे घरच्या बायबलमध्ये मुलांचे जन्म लिहून ठेवायची पद्धत; बाईंनी त्या आजीच्या घरच्या नोंदींची झेरॉक्स बाहेर काढली. सगळी मुलं एका गावची, थोरल्याचं गाव मात्र वेगळंच. लिहिणाऱ्याची चूक म्हणून घरच्यांनी ते आजवर सोडून दिलं होतं.

दोन दिवसांनी बाई अनवाणी धावत आमच्या दारात. त्या गावच्या जुन्या जनगणनेत एका शेतकऱ्याच्या घरी बायको, मुलगे, लग्न झालेली लेक आणि तिचं तान्हं बाळ, सगळी एकाखाली एक लिहिलेली. बाईंनी माझ्या आईला अशी मिठी मारली की ती लाजून चूर. तिथूनच आपल्या आईला फोन लावला. पलीकडची म्हातारी त्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला फार रडू आलं.

पुढे मला लेक झाली. दाखल्यावर जन्मठिकाण सोहार. कागद बघून आई म्हणाली, "शंभर वर्षांनी कुणी तुझं माहेर शोधायला निघालं, तर इथं वाळूत हुडकत बसंल. लिहून ठेव."

मी वही घेतली. माझं माहेर लिहिलं, आईचं लिहिलं, तिनं सांगितलं तसं आजीचंही लिहिलं.

"आणि आजीच्या आईचं?"

 आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही गं."