सव्वीस जानेवारीचा शिरा

काकूंनी माझा शिऱ्याचा डबा उचलला आणि बाहेरच्या मोरीत उपडा केला. वर बादलीभर पाणी ओतलं. ध्वजवंदनानंतर वाटायला चाळीस माणसांचा शिरा. पहाटे उठून मी केलेला.

"काल तुझं पाकीट आलं. मी उघडलं," काकू म्हणाल्या. "आधी सांगायचं नाही का?"

पाकिटात माझा जातीचा दाखला होता. एका परीक्षेसाठी वडिलांनी जालन्याहून पाठवलेला.

चेन्नईत वेलचेरीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी सात महिने राहत होते. घरमालकीण काकू पुण्याच्या. आपली मराठी माणसं, म्हणून वडील निर्धास्त होते. खोलीत माझ्याबरोबर रश्मी. आदल्या दिवशीच आम्ही एका ताटात जेवलो होतो. आता ती मोबाइलकडे बघत राहिली.

"भाषणाचं राहू दे आता. बरं नाही म्हणून सांगते मी," काकू म्हणाल्या. "आणि खाली काही बोलू नकोस. सणासारखा दिवस आहे."

मी मान हलवली. होय, हलवली. तमिळ धड येत नव्हती. शहरात नातेवाईक नव्हते. ऑफिसात कळलं तर?

खाली पार्किंगमध्ये ध्वजवंदन झालं. मी स्कूटरींच्या मागे उभी. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे रिटायर झालेले तमिळ मास्तर. आज हा दिवस का पाळतात, ते दोन मिनिटं इंग्रजीत सांग, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांनी माझं नाव पुकारलं.

"तिला बरं नाही," काकू पुढून म्हणाल्या.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला बरं आहे, सर."

मी पुढे गेले. १९३० साली याच दिवशी लोकांनी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, म्हणून राज्यघटना लागू करायला हाच दिवस निवडला, हे सांगितलं. कागदावरचं तिथेच संपत होतं. मी थांबले नाही.

"घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. ती पाळणं गुन्हा आहे. आज सकाळी या बिल्डिंगमध्ये माझा शिरा मोरीत ओतला. माझी जात कळली म्हणून."

कोणी टाळी वाजवली नाही. काकूंचे मिस्टर झेंड्याकडे बघत होते. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला.

जिन्यात काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर."

बॅग भरताना कपड्यांच्या घड्या पडेनात. रश्मी हळूच म्हणाली, "माफी माग ना. ठेवतील."

"कशाची माफी?" मी विचारलं. ती पुन्हा मोबाइल बघू लागली.

बॅग घेऊन मी शेअर ऑटोत बसले आणि पोलीस स्टेशनासमोर उतरले. दारात वाटलं, परत फिरावं. आत टेबलाशी एकच हवालदार होता. मी इंग्रजीत सांगितलं. त्याने ऐकलं, कपाळाला हात लावला.

"टुडे हॉलिडे, मॅडम. टुमारो कम."

"आजच लिहून घ्या," मी म्हणाले.

त्याने हाताने दार दाखवलं. मी बॅग भिंतीशी ठेवली आणि समोरच्या बाकावर बसले. भीती वाटत होती, खूप. पण तक्रार लिहून घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नव्हते.