बाहेरनं बघ की

"घरातनं दिसतंय ते सोड गं. बाहेरनं बघ की!"

असं म्हणत आमचे घरमालक काका आधी फोनचं वायफाय बंद करत आणि मग पायात चपला सरकवत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो नवा पडदा लावला की तो कसा दिसतो हे बघायला थेट रस्त्यावर जातो. काका त्यातलेच. दाराची घंटासुद्धा ते बाहेर जाऊन वाजवत आणि "आलो, आलो" म्हणत स्वतःच आत येत.

ही खोड मात्र जन्मजात नव्हती. ती लागली तेव्हा मी हजर होते.

पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि चामराजपेटेत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. काका मूळचे निपाणीचे, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. काकू आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्या रोज सकाळी दारात रांगोळी काढत आणि काका कामावर निघताना तिचा फोटो काढत. असे शेकडो फोटो साठले होते. ते काकूंच्या थोरल्या बहिणीला, निपाणीच्या अक्कांना दाखवायचे हा त्यांचा ध्यास. काकूंना रांगोळी शिकवली ती अक्कांनीच. आता खुब्याचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

"काका, फोटो ठेवायला इंटरनेटवर फुकट जागा मिळते की कितीतरी ठिकाणी," मी म्हटलं.

"तिनं रांगोळी आपल्या दारात काढली. दुसऱ्याच्या दारात कशाला नेऊ?"

मी माझा जुना लॅपटॉप देऊन टाकला.

त्यांनी व्हिडिओ बघून बघून साइट स्वतः बनवली आणि घरातल्या त्या लॅपटॉपवरच ठेवली. एका रविवारी ती त्यांच्या फोनवर उघडली आणि काकांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. अक्कांना पत्ता पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी काका तोंड पाडून बसलेले.

"तिला बघायचंच नसंल. मी बी आता फोन करत नाही."

मी तो पत्ता पाहिला आणि मला हसूच फुटलं. त्यांनी पाठवला होता लॅपटॉपचा घरातला नंबर. तो फक्त घरच्या वायफायवर चालणारा. बाहेरच्या माणसाला त्यावर काहीच दिसणार नव्हतं.

काकांना समजायला मिनिटभर लागलं. "म्हणजे मी आतल्या खोलीत रांगोळी काढून अक्कावर रुसलो होय?"

त्यांनी तिथल्या तिथे फोन करून माफी मागितली. "मी तर रोज दाबून बघतीय रे," अक्का म्हणाल्या, "मला वाटलं माझाच फोन जुना."

मग आम्ही दोघं पेटलो. बाहेरून येणाऱ्याला राउटरने लॅपटॉपकडे पाठवावं, अशी सोय करायची होती. मी भराभर चार-पाच वाटा उघडायला निघाले, तर काकांनी थांबवलं. "स्वल्प थांब. बोल्टापुरतंच भोक पाडायचं." फिटरचा हात तो. एकच वाट उघडली.

तरी बाहेरून काही दिसेना. शेवटी उलगडा झाला की इंटरनेटवाल्यांनी आमच्यासकट कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता दिला होता. आमचं घर बाहेरच्याला सापडणार कसं? काका मला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. वेगळा पत्ता हवा म्हटल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, बिझनेस कसला?

"रंगोली, अण्णा. स्वल्प नोडी, बघा जरा," म्हणत काकांनी फोन पुढे केला. दहा-बारा फोटो झाल्यावर त्याने शेजारच्या मुलीलाही बोलावलं. आमच्या घराला स्वतःचा पत्ता मिळाला! काकांनी साइटला काकूंचं नाव घेतलं, ते या पत्त्याला जोडलं आणि अक्कांना कळवलं.

मी रस्त्यावर फुलवालीजवळ उभी राहिले. वायफाय बंद. काका गॅलरीचा कठडा घट्ट धरून वर. पान उघडू लागलं, आधी काकूंचं नाव, मग रांगोळीची वरची रेघ, मग अख्खी रांगोळी.

"दिसलं! काका, दिसलं!" मी भर रस्त्यात उड्या मारत होते.

"सरी! सरी! जमलं!" काका एवढ्याने ओरडले की एक रिक्षावाला थांबला. मी वर पळाले, तेवढ्यात काकांना अक्कांचा फोन. "ही कुयरी मी शिकवलेली रे तिला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला आजही ते आठवून आनंदाने भरून येतं.

तेव्हापासून रोज सकाळी अक्कांचा फोन यायचा. एक फोटो, त्यावर अर्धा तास गप्पा.

यंदा काका गेले. घर विकायचं ठरलं तेव्हा त्यांच्या मुलीने लॅपटॉप माझ्या हातात दिला. "मावशी रोज बघते. बंद नको पडू देऊस."

नव्या घरी मी सगळं पहिल्यापासून केलं. वेगळा पत्ता मागितला, साइटचं नाव त्याकडे वळवलं, बोल्टापुरतं भोक पाडलं. घरात काकूंचं नाव झकास दिसलं, पुढचं पान उघडेपर्यंत थांबले नाही. मग वायफाय बंद केलं, चपला घातल्या आणि रस्त्यावर गेले.

उघडलं! सगळ्यात वर मी कधी न पाहिलेला फोटो होता. जुन्या घराच्या दारात काढलेली, वाकड्यातिकड्या रेघांची रांगोळी. काकांच्या हातची. फोटो फाटकाबाहेरून, रस्त्यावरून घेतलेला.

"दिसलं!" मी वर बघून ओरडले. गॅलरीत माझे वाळत घातलेले कपडे तेवढे होते.

फोन वाजला. निपाणीहून अक्का.

"दिसलं गं," त्या म्हणाल्या.